उजव्या खिशातले दाणे

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो. जाड खाकी कापडाचा, कोपरांवर ठिगळे लावलेला. कोटाच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण मी काही महिने भूत होतो. ती हकीकत ऐका.

माझे मालक घड्याळे दुरुस्त करीत. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर दुकानात वाकून बसत आणि सुटीच्या दिवशी बसने दूरच्या आपल्या बागेत जात. बागेसाठी म्हणून त्यांनी मला शिवून घेतले.

"उजवा खिसा खोल हवा," ते शिंप्याला म्हणाले. "हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे."

"काका, कोट शिवायचाय की पोतं?" शिंपी हसला.

"कोटच शीव. पण पोत्याचं काम त्याला जमलं पाहिजे."

असा मी जन्माला आलो. डाव्या खिशात सुतळी आणि कात्री, उजव्या खिशात ज्वारीचे दाणे. पावसाळ्यात आम्ही चर खणून वाफ्यांतल्या तुंबलेल्या पाण्याला वाट काढून देत असू. थंडीत वाळक्या फांद्या छाटत असू. उन्हे तापू लागली की अंजीर पिके, आणि मग आठवड्याची फेरी रोजची होई. काका पहिल्या बसने येत. आल्या आल्या विहिरीपलीकडच्या सपाट दगडावर माझ्या खिशातले दाणे पसरत. साळुंक्या कलकलाट करीत तिकडे धावत. त्या दाण्यांत गुंतल्या, की काका झाडांकडे वळत आणि पिकलेली अंजिरे निवांत उतरवत.

काकू तेवढ्या वेळात पत्र्याच्या खोपटात चहा ठेवत. त्यांना बाहेरचे एवढेच दिसे, की नवरा पाखरांना चारतो आहे.

"माणसांना महाग झालीय ज्वारी, आणि तुमचे पाखरांचे लाड चाललेत," त्या म्हणत.

काका नुसते हसत. त्यांनी कधी उलगडून सांगितले नाही. घड्याळ चालते आहे ना, मग आतली चाके कशाला दाखवायची, असा त्यांचा स्वभाव.

एका पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी मला खोपटातल्या खुंटीवर अडकवले. "भिजलायस. वाळ जरा, येतो," असे मला म्हणाले आणि दार ओढून घेतले.

ते आले नाहीत.

मित्रांनो, कोट माणसाचा आकार विसरत नाही. माझी कोपरे वाकलेलीच राहिली. खांदे पुढे झुकलेले राहिले. दाराबाहेर पाचोळा वाजला की मला वाटे, आता कडी निघेल. पण तो वारा असे. थंडी सुरू झाली. माझ्या बाहीत एका कोळ्याने घर केले.

मग एके दिवशी कडी निघाली. दारात काकू होत्या आणि मागे त्यांची लेक. ती दवाखान्यात परिचारिका आहे. आत अंधार होता. माझ्याकडे पाहून काकू चटकन म्हणाल्या, "अहो, असे उभे का?"

लेकीने पुढे होऊन खिडकी उघडली. उजेडात मी कोट झालो.

"आई, बाग देऊन टाकू या कुणाला तरी," परतताना लेक म्हणाली. "तू इथं काम करायला येणार नाहीस, रडायला येशील."

"काम करायला येईन."

"बघू. उन्हाळ्यात अंजिरांची टोपली घरी आण. मग मी चकार शब्द काढणार नाही."

"आणि नाही आणली तर?"

"तर किल्ली माझ्याकडे द्यायची."

काकूंनी मान डोलावली. त्या खरेच राबल्या. छाटणी केली, आळी केली, विहिरीचे पाणी शेंदले. झाडांना बारीक हिरवी फळे धरली, तेव्हा पाखरांच्या भीतीने त्यांनी दोन काठ्यांची फुली बांधून बागेच्या मधोमध रोवली. वर मडके ठेवले. मग त्या खोपटात आल्या, कोळ्याला हळूच बाहेर सोडले आणि त्या काठ्यांवर मला चढवले. बटणे एकेक करून लावली. शेवटचे लावताना त्यांचा हात थांबला.

काठ्यांवरही माझे खांदे तसेच झुकले.

त्या संध्याकाळी दूधवाला कुंपणापलीकडून जात होता. "काय काका, घरी जायचं नाही का अजून?" त्याने सवयीने हाक मारली. चार पावले गेल्यावर त्याला आठवले. त्याने सायकल टाकली, दूध सांडले, आणि तो असा पळाला की एक चप्पल आमच्याच वाटेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ती त्याला परत केली. "घाबरतोस काय रे? जिवंतपणी कुणावर ओरडले नाहीत, आता काय करणार आहेत?"

"काकू, काही करत नाहीत हो. पण उभे आहेत ना!"

तो त्या वाटेने येईनासा झाला.

काकू मात्र रोज येऊ लागल्या. दोन कप चहा करीत. एक माझ्यासमोर ठेवीत आणि दुसरा घेऊन शेजारी बसत. "टोमॅटोला कीड लागलीय, काय करू?" असे मला विचारीत. मी काय सांगणार? चहावर साय धरे, मग मुंग्या येत. उन्हे चढत आणि वाफे कोरडे राहत. मला वाटे, या बाईला कोणीतरी इथून उठवावे. पण भुताला हाक मारता येत नाही, मित्रांनो. भुताला फक्त उभे राहता येते.

अंजिरे पिकू लागली आणि साळुंक्या आल्या. पळून जाण्याऐवजी त्या थेट माझ्या खांद्यावर उतरल्या. एकीने उजव्या खिशात चोच घातली, शिवणीत अडकलेला दाणा ओढून काढला आणि बाकीच्यांना बोलावले. दाणे संपले तेव्हा थवा अंजिरांकडे वळला.

लेक आली तोवर अर्धी अंजिरे पोखरली होती. माझ्या खांद्यांवर ओळीने साळुंक्या बसलेल्या पाहून ती आधी हसली.

"आई, हे बुजगावणं नाही. ही खानावळीची पाटी आहे!" मग ती गंभीर झाली. "कोट काढ. जेवढी उरलीत तेवढी तरी वाचतील."

"नाही."

"आई, बाग जाईल."

"कोट काढला तर तेच जातील गं."

लेकीने टोपली उचलली आणि खोपटाच्या पायरीवर जाऊन बसली.

काकू कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या. एक साळुंकी पुन्हा माझ्या रिकाम्या खिशात डोकावली आणि मान वळवून विहिरीपलीकडे पाहू लागली. काकूंनीही तिकडे पाहिले. तो दगड अजून तिथेच होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "लाड नव्हते तर ते!"

त्यांनी माझी बटणे काढली. आत नुसत्या काठ्या होत्या. त्या काठ्यांकडे त्यांनी नीट पाहून घेतले. मग मला झटकले आणि स्वतःच्या अंगात चढवले. बाह्या लांब झाल्या, त्या त्यांनी दुमडल्या. इतक्या महिन्यांनी मला ऊब लागली. खोपटातल्या डब्यातली ज्वारी त्यांनी उजव्या खिशात भरली आणि दगडाकडे चालू लागल्या. सगळा थवा आमच्या मागे आला.

"आई!" टोपली घेऊन झाडाखाली गेलेली लेक ओरडली. "इकडे एकही पाखरू नाही!"

"मग बघत काय बसलीस? तोड!"

टोपली काठोकाठ भरली नाही. पण ती दोघींनी मिळून बसमध्ये चढवली, आणि किल्ली काकूंच्याच कमरेला राहिली.

आता पुन्हा पावसाळा आहे. फुलीच्या काठ्यांवर घेवड्याचा वेल चढला आहे. चहा एकच कप होतो. दूधवाला परत या वाटेने जातो. परवा संध्याकाळी वाफ्यात वाकलेली पाठ पाहून तो दचकला, तसा माझ्या आतून आवाज आला, "मी आहे रे, काकू!"

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाचा कोट असेल, छत्री असेल, चष्म्याची डबी असेल. ती वस्तू खुंटीवर ठेवून तिची भीती बाळगू नका आणि तिची पूजाही करू नका. फाटले असेल तिथे टाका घाला. मग कोट एकदा अंगात घाला, आणि खिशात हात घालून पाहा. खिसा खोल असला, तर हात कोपरापर्यंत जाऊ द्या.