थर्मोडायनामिक्सचा तिसरा प्रयत्न

शमिकाने पुन्हा शिकायला जायचं ठरवलं तेव्हा तिचा नवरा हृषिकेश म्हणाला, "अर्धं मास्टर्स तर झालंय तुझं. उरलेलं पुरं करायचं, एवढंच ना?" तिलाही तसंच वाटलं होतं.

जर्मनीत, नेकारसुल्मजवळच्या एका प्रयोगशाळेत ती धातूंच्या चाचण्या करायची. अहवाल ती लिहायची, खाली सही मात्र दुसऱ्याची, कारण तिच्याकडे इथली पदवी नव्हती. मुलीच्या, अन्वीच्या जन्माच्या वेळी शिक्षण सुटलं ते सुटलंच. आता अन्वी शाळेत रमली होती, आणि शमिकाच्या मनाने घेतलं होतं.

होखशूल, म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था, तीच पूर्वीची, शेजारच्या शहरातली. तिने ऑनलाइन अर्ज भरला. उत्तर आलं: आधी जिथे शिकत होता तिथला दाखला आणा, की तुम्ही कुठल्याही विषयात कायमच्या नापास झालेल्या नाहीत.

तिने फोन लावला. "आधी मी तुमच्याकडेच शिकत होते."

"हो, ते दिसतंय मला," पलीकडची बाई म्हणाली. "पण दाखला परीक्षा विभाग देतो. आम्ही प्रवेश विभाग."

परीक्षा विभागाकडे जायचं तर टर्मिन हवी, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. ती ऑनलाइनच मिळायची, आणि त्यासाठी लागणारं लॉगिन फक्त चालू विद्यार्थ्यांना. शमिकाने ईमेल केला. उत्तर यंत्राने दिलं: कृपया ऑनलाइन टर्मिन घ्या.

तिचे सासरे वासुदेवराव त्या उन्हाळ्यात पुण्याहून आले होते. पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला होता. सुनेचं हे गाऱ्हाणं त्यांनी जेवताना नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि पोहता आल्याशिवाय हे पाण्यात उतरू देत नाहीत. मला वाटायचं हे सगळं आपल्याकडेच."

"आपल्याकडे निदान ओळखीचा माणूस तरी सापडतो, बाबा."

"मग चल, आपण ओळख करून घेऊ. मी येतो बरोबर."

टर्मिनशिवाय दोघं जाऊन बसली. भिंतीला टेकून पोरं उभी होती, शमिकापेक्षा कितीतरी लहान. वासुदेवराव सगळ्यांना मान डोलावून नमस्कार करत होते. बऱ्याच वेळाने परीक्षा विभागाच्या फ्राऊ केसलर दारात आल्या आणि टर्मिन नाही म्हटल्यावर नकारार्थी मान हलवू लागल्या. शमिकाने लॉगिनची भानगड सांगितली. बाईंनी ऐकलं, भुवया वर गेल्या. "आल्झो, बरं तर," म्हणाल्या, "या आत."

त्यांनी नाव टाकलं, जन्मतारीख टाकली आणि स्क्रीन शमिकाकडे वळवला. थर्मोडायनामिक्स: पहिला प्रयत्न नापास. दुसरा नापास. तिसरा, गैरहजर. त्यापुढे एकच ओळ, कायमची नापास.

"तुम्हाला पत्र गेलंय तेव्हाच," फ्राऊ केसलर म्हणाल्या.

ते जुन्या होस्टेलच्या खोलीवर गेलं असणार. तोवर ती नेकारसुल्मला आली होती. नाव कमी झालं ते पुढच्या सत्राची नोंदणी केली नाही म्हणून, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"याचा अर्थ काय?"

"हा अभ्यासक्रम तुम्हाला या देशात कुठेच पुरा करता येणार नाही."

बाईंचा आवाज कठोर नव्हता. पुढचा मुलगा दारात उभा होता. शमिका उठली.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर वासुदेवरावांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

'आणखी एक कागद हवाय' असं म्हणून सुटता आलं असतं. पुण्यात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की बाळासाठी शमिकाने शिक्षण सोडलं. कौतुकही झालं होतं त्याचं. ती थांब्याच्या बाकावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी अन्वी महिनाभर आधीच झाली, काचेच्या पेटीत होती, आणि परीक्षा त्याच आठवड्यात होती.

"आणि खरं सांगू का बाबा, तेव्हा मनात आलं, बरं झालं, परीक्षा टळली."

एक ट्राम आली नि गेली. "हृषिकेशला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

"मग झालं तर." ते तिच्याशेजारी बाकावर बसले. "परीक्षेच्या दिवशी तू हॉस्पिटलात होतीस, हे सांगितलंस का त्या बाईंना?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"अगं, खिडकीमागचा माणूस कधी विचारत नाही. मी कुठे विचारायचो? उठ, परत जाऊ."

परत गेली तर दाराला 'बंद'ची पाटी लागली होती. आता थेट गुरुवारी.

गुरुवारी शमिका एकटीच गेली, अन्वीचा जन्मदाखला आणि हॉस्पिटलचे कागद घेऊन. फ्राऊ केसलरनी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. बाळंतपणानंतरच्या त्या आठवड्यांत विद्यार्थिनीने स्वतः मागितल्याशिवाय परीक्षेला बसवायचं नाही असा कायदा होता, त्यांनीच सांगितलं. "पण तुम्ही तेव्हा कळवायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

बाईंनी कागदांच्या प्रती काढल्या. निर्णय त्यांच्या हातात नव्हता, परीक्षा समितीच्या होता, आणि समिती सुट्टीनंतर बसणार होती. तोवर हिवाळी सत्राच्या प्रवेशाची मुदत टळून गेली. वासुदेवराव पुण्याला परतले. प्रयोगशाळेत शमिका अहवाल लिहीत राहिली.

ऑक्टोबरात समितीच्या प्राध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. कागद चाळून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी आला असता, तर पास झाला असतात?"

शमिकाने विचार केला. "बहुधा नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते हसले. "त्यावर काही अवलंबून नाही. सहज विचारलं."

तो तिसरा प्रयत्न रद्द धरला गेला. उन्हाळी सत्रात प्रवेश मिळाला, पण अट अशी की थर्मोडायनामिक्स पहिल्याच परीक्षेत सुटलं पाहिजे, नाहीतर तीच ओळ पुन्हा लागेल. मध्ये विम्याच्या दाखल्यावरून प्रवेश विभागाने आणखी दोन चकरा मारायला लावल्या. या वेळी मात्र ती आत जाताच, कोणी विचारायची वाट न बघता, सगळं स्वतःच सांगून मोकळी व्हायची.

वर्गात ती पुढच्या रांगेत बसायची, कारण मागून फळ्यावरचं दिसत नव्हतं. शनिवारी हृषिकेश अन्वीला पोहायला घेऊन जायचा आणि ती स्वयंपाकघराच्या टेबलावर गणितं सोडवायची. एन्ट्रॉपी तिला पहिल्या वेळी समजली नव्हती, दुसऱ्या वेळी पाठ केली होती. आता भट्टीतून काढलेले तुकडे वर्षानुवर्षं हाताळल्यावर ती हळूहळू उमगत होती. अगदी सगळी नाही.

परीक्षेत शेवटचा प्रश्न तिने सोडून दिला. निकाल जुलैच्या शेवटी लागला. हृषिकेश कारखान्यात होता, त्याला मेसेज टाकून तिने पुण्याला फोन लावला.

"सुटला विषय, बाबा. तीन पॉइंट सात."

"वा! दहापैकी?"

"नाही हो. इथे एक म्हणजे सगळ्यात चांगला. चारच्या पुढे नापास."

पलीकडे हिशेब चालला असावा. "म्हणजे काठावर."

"अगदी काठावर. त्याला इथे 'पुरेसं' असा शेरा देतात."

"मग पुरे की," वासुदेवराव म्हणाले. "आता प्रबंध कधी सुरू करतेस?"

"त्यासाठी गाइड प्राध्यापकांची सही लागते, आणि ते सप्टेंबरपर्यंत सुट्टीवर आहेत."

वासुदेवराव इतके मोठ्याने हसले, की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला.