सातव्या गाण्यातली निळी बस

नऊ वाजायला पाच मिनिटं असताना लुआन टॅकेट रेडिओ स्टेशनच्या मोरीत उलटी करून आली. तिच्या गाण्यांचा पहिला अल्बम निघून चारच दिवस झाले होते, आणि आज आख्खं खोरं तिच्या तोंडावर तिला नावं ठेवणार होतं. नॅशव्हिलच्या पेपरवाल्यांनी काय लिहिलं ते तिनं वाचलंही नव्हतं. त्यांना कोण घाबरतंय? भीती वाटते ती आपल्या माणसांची.

आमच्या पूर्व केंटकीत रोज सकाळी नऊ ते दहा रेडिओवर ‘देवघेव’ चालते. कुणाला शेगडी विकायची असते, कुणाला कोंबड्या हव्या असतात. फोन लावायचा, वस्तू सांगायची, नंबर द्यायचा, झालं. बर्ल स्लोन एकतीस वर्षं हा कार्यक्रम चालवतोय, आणि एकतीस वर्षं लोक हातातलं काम टाकून तो ऐकतायत. कुणाचा पलंग कुणाच्या घरी गेला, हे आमच्या लोकांना पोटच्या पोरांच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. आज देवघेवीच्या मधेमधे लुआनची गाणी वाजणार होती, आणि ज्याला जे वाटेल ते त्यानं बेलाशक बोलायचं होतं.

“पांढरीफटक पडलीस की गं पोरी,” बर्ल म्हणाला. “खाणार नाहीत तुला.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला, बर्लकाका.”

पहिलं गाणं संपलं आणि फोनचे दिवे लागले.

“दोन ताडपत्र्या विकायच्यात,” पहिला माणूस म्हणाला. “आणि गाणं झकास आहे. पण तो ड्रमवाला कुणावर चिडलाय का हो?”

मग फोनवर एक म्हातारी आली, एडिथ पेनिंग्टन. “तुझ्या आजीचा गळा आलाय गं तुझ्यात. मग ती विजेची गिटार कशाला मधे? कुणी करवत चालवतंय असं वाटतं.”

“ती करवत आहे म्हणूनच आम्ही ऐकतोय, आजीबाईंना सांगा!” पुढचा ओरडला. “आणि ट्रकचे टायर कुणाकडे असतील तर बघा.”

लुआनला हसू फुटलं. हा हा म्हणता तिच्या जिवात जीव आला. कुणी म्हणालं पोरगी शब्द खाते, कुणी म्हणालं तिसऱ्या गाण्याला नवरा रडला आणि आता कबूल करत नाही. बोलू दे की. आपलीच माणसं.

तेवढ्यात बर्ल माइकवर म्हणाला, “आता अल्बममधलं सातवं. सकाळपासून चौघांनी मागितलंय.”

लुआननं त्याला पाच गाण्यांची यादी दिली होती. त्यात सातवं नव्हतं. तिनं हात हलवला, पण सुरुवातीची गिटार वाजायला लागली होती.

सातवं गाणं तिच्या थोरल्या बहिणीचं होतं, डेल्फीचं. मार्चमध्ये डेल्फी नवऱ्याचं, रॉइस कॉडिलचं, घर सोडून पळाली. रॉइसनं तिचा हात दोनदा मोडला होता, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात ती पायरीवरून पडल्याचं सांगितलं होतं. डेल्फी कुठे आहे हे घरच्यांत एकट्या लुआनला ठाऊक होतं. रॉइस त्यासाठी तीनदा लुआनच्या दारात येऊन बसला होता, काही न बोलता, टोपी मांडीवर ठेवून.

गाण्यात लुआननं बहिणीचं नाव बदललं, केस बदलले, राज्यसुद्धा बदललं. पण अल्बम करणारा माणूस तिला म्हणाला होता, पोरी, एक तरी गोष्ट खरी ठेव, नाहीतर लोकांना लगेच कळतं. तिनं घर खरं ठेवलं. ओढ्याकाठची जुनी निळी शाळेची बस, छतातून निघालेलं धुराडं, आणि ड्रायव्हरच्या जागी शिवणयंत्र. चालीत ते इतकं चपखल आलं होतं की काढवेना. आणि रॉइस काही अल्बम विकत घेणारा प्राणी नव्हता.

पण देवघेव तो रोज ऐकायचा. खडीच्या ट्रकमध्ये नऊ ते दहा त्याचा रेडिओ चालूच असायचा, हे ती आत्तापर्यंत विसरली कशी?

गाणं संपलं. पहिल्याच फोनवर एक पुरुष बोलला, अगदी सावकाश.

“विकायला काही नाही. गाणं छान आहे. ती बस कुठल्या रंगाची म्हणाली? मशीनच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं.”

लुआननं आवाज ओळखला. रॉइस. शेवटचा शब्द जरा ओढून बोलायची ती लकब तिनं अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकली होती. बर्लला काय माहीत बिचाऱ्याला! “निळी, निळी!” तो आनंदानं म्हणाला. “आवडलं ना? पुढचा फोन घेऊ या.”

“बर्लकाका, बंद करा,” लुआन पुटपुटली.

“मी ओपल ग्रिग्ज्बी,” पुढची बाई उत्साहात सांगू लागली. “अगं बाई, मी तर उडालेच! ती बस आमची गं! चार वर्षांपूर्वी ह्याच कार्यक्रमात विकली आम्ही, होबर्ट साइझमोरला. ते धुराडं माझ्या नवऱ्यानं बसवलेलं, जरा वाकडंच बसलंय. हरिकेन ओढ्यावर, जुन्या पुलाच्या पलीकडे उभी आहे बघ अजून. आमची बस गाण्यात गेली गं!”

बर्लनं लुआनचा चेहरा पाहिला आणि फोन तोडला. पण जायचं ते हवेत गेलं होतं.

“कोण आहे तिथे?” त्यानं माइक बंद करून विचारलं.

“डेल्फी. आणि मघाचा तो रॉइस होता.”

रॉइस काम करायचा ती खडीची खाण हरिकेन ओढ्यापासून वीस मिनिटांवर. शेरीफचे पोलीस पाऊण तासावर, तेही निघाले तर. डेल्फीकडे मोबाइल नव्हता, असता तरी ओढ्याकाठी त्याला रेंज नाही. बर्लनं शेरीफला फोन लावला. पलीकडे कुणीतरी त्याला थांबायला सांगितलं.

थांबायला! लुआननं माइक स्वतःकडे ओढला. बोलले की रॉइसची खात्री होणार, नाही बोलले तरी तो जाणारच, हे तिला कळत होतं. आणि घरातली गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, असं आईनं दोघींना लहानपणापासून बजावलेलं.

“मी लुआन टॅकेट. मला माणसं पाहिजेत,” ती म्हणाली. “हरिकेन ओढ्यावर, आत्ताच्या आत्ता. त्या बसमध्ये माझी बहीण राहते. रॉइस कॉडिलनं तिचा हात दोनदा मोडलाय, ती पडली नव्हती. तो आत्ता तिकडे निघालाय. जो कुणी जवळ असेल त्यानं पुलावर जाऊन उभं राहावं. हात जोडते मी तुम्हाला.”

फोनचा एकही दिवा लागेना. लुआनला वाटलं, संपलं, लोकांना गाणं हवंय, भानगड नको.

मग एक दिवा लागला. “हार्लन स्पार्कमन. ट्रॅक्टर पुलावर आडवा लावतोय. बायको निघाली आहे पोरांना घेऊन... नको, पोरांना घरीच ठेव गं!” तो मागे ओरडला आणि फोन बंद झाला.

“आम्ही गवत कापत होतो, पाचजण आहोत. निघालो.”

“मी एडिथ पेनिंग्टन. मला चालवत नाही, पण मी रस्त्याला खुर्ची टाकून बसलेय. ट्रक गेला की सांगते.” तीन मिनिटांनी तिचाच फोन आला. “गेला गं. आत्ताच गेला. फार जोरात गेला.”

त्यानंतर वीस मिनिटं कुणाचाही फोन आला नाही. लुआन घड्याळाकडे बघत नखं कुरतडत राहिली. बर्लनं तिचा हात धरला होता.

शेवटी ओपल ग्रिग्ज्बी बोलली, शेजारच्या कुणाच्या तरी घरातून, रडत रडत. “मी बसपर्यंत जाऊन आले. दार सताड उघडं आहे. रेडिओ चालू आहे. ती नाहीये गं लुआन. कुठेच नाहीये. माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही!”

“आणि रॉइस?” बर्लनं विचारलं.

“तो पुलाच्या अलीकडेच अडकला. हार्लननं हलायचं नावच घेतलं नाही. बराच वेळ गाडीत बसून सगळ्यांची तोंडं बघत होता. मग गेला मागे. पण ती कुठे आहे? माझ्या देवा, ती कुठे आहे?”

लुआन उठून उभी राहिली. तिला ओढा दिसत होता, ओढ्यामागचं रान दिसत होतं, आणि नको नको ते दिसत होतं.

बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. तो नंबर फक्त बर्लच्या बायकोकडे आणि लुआनच्या घरच्यांकडे होता. लुआननं धावत जाऊन उचलला.

“मी बोलतेय,” डेल्फी म्हणाली.

लुआनला रडूच कोसळलं. “कुठे आहेस तू? बरी आहेस ना? लोक पोचले गं, सगळे पोचले, मी सांगितलं त्यांना...”

“कळलं. इथेही रेडिओ लागलाय, सगळं सांगितलं ह्यांनी.” डेल्फीला धाप लागली होती. “मी त्याच्या आधीच निघाले. ओपलबाई बोलायच्याही आधी. पहिल्या कडव्यात शिवणयंत्र आलं तेव्हाच बूट घातले मी. डोंगर चढून पलीकडच्या एका घरी आले.”

“डेल्फी, मला वाटलं तो कधी ऐकणार नाही. मी नाव बदललं होतं तुझं.”

“हो. नाव बदललं होतंस.”

डेल्फीच्या मागे कुणीतरी गाडी सुरू केली.

“मी येते तुझ्याकडे,” लुआन म्हणाली. “कुठे यायचं सांग. कुठे जाणार आहेस?”

“गाणं चांगलं झालंय गं,” डेल्फी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “उभं राहून ऐकावं असं झालंय. पण कुठे जाते ते तुला नाही सांगणार, लुआन. तू गाशील.”

आणि तिनं फोन ठेवला.