यंत्राला बसलेला ओरखडा

कुठल्याही गावाचा विकास त्या गावाच्या एकजुटीवर अवलंबून असतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. या गावात एकजूट पहिल्यापासूनच होती. तिचाच तर सगळा त्रास होता.

सार्वजनिक वस्तू खराब होता कामा नये, यावर गावात दुमत नव्हतं. ती खराब होऊ नये म्हणून वापरायचीच नाही, यावरही नव्हतं. वाचनालयातल्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक निघालेलं नव्हतं. वाचक जमिनीवर बसून वाचत. सभागृहाच्या फरशीला पाय लागू नयेत म्हणून सभा पायऱ्यांवर भरत. दवाखान्याला मिळालेलं स्ट्रेचर इतकं नवंकोरं होतं, की रोग्याला त्यावर निजवायचा कुणाला धीर होत नसे. रोगी खांद्यावरून यायचे.

अशा गावाला सरकारी योजनेतून फळांचा रस काढायचं यंत्र मिळालं. गावाभोवती सफरचंदांच्या बागा. फळं लहान, बाजारात कुणी विचारत नसे, झाडाखाली सडून जात. यंत्र फळं धुणार, चिरडणार, रस गाळून बाटलीत भरणार. ते चालवायला म्हणून गावच्या एका सूनबाईंनी शहरातल्या कारखान्याची नोकरी सोडली, हॉस्टेलची खोली सोडली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यासोबत एका घरात राहायला आल्या. नवरा गावच्या शाळेत मास्तर. हंगाम संपेपर्यंत यंत्र चाललं नाही तर ते शेजारच्या गावाला जाणार, अशी योजनेची अट होती. यंत्र गेलं की सूनबाईही परत हॉस्टेलवर.

यंत्र ठेवलं होतं सोसायटीच्या गोदामात आणि गोदामाची किल्ली होती सासूबाईंकडे. त्यांनी यंत्र तळहाताच्या फोडासारखं जपलं. जुन्या चादरीचा अभ्रा शिवला, त्याला झालर लावली. रोज सकाळी अभ्रा काढून पुसायचं, पुन्हा घालायचा. गोदामाबाहेर फळांचा ढीग वाढत होता, त्यावर गांधीलमाश्यांची सभा भरत होती.

"काका, आता तरी सुरू करू या," सूनबाई पायऱ्यांवरच्या सभेत सोसायटीच्या अध्यक्षांना म्हणाल्या. अध्यक्ष नात्यानं चुलत सासरे.

"करू की! नाही कोण म्हणतंय? पण नवं आहे गं अजून."

"नवं आहे तर मग चालवायचं कधी?"

"जुनं झालं की."

"ते न चालवता जुनं कसं होणार?"

"हे बघ, एकदा फळ घातलं की डाग पडणार."

"स्टील आहे, काका. डाग पडत नाही."

"माझ्या व्याह्यांनी जावयाबद्दल हेच सांगितलं होतं," अध्यक्ष म्हणाले आणि सभा संपली.

हंगाम सरत आला. शेवटच्या दिवशी योजनेचे साहेब ट्रक घेऊन गोदामाच्या दारात उभे राहिले. सोबत शेजारच्या गावचे अध्यक्ष, हातात मोजपट्टी. यंत्राला निरोप द्यायला सगळा गाव लोटला. पोरगी सासरी निघावी तसे चेहरे. सूनबाईंची बॅग घरी भरून तयार होती. मास्तर काहीतरी करायचं म्हणून बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासून आले होते.

सासूबाईंनी अभ्रा काढला. यंत्र आरशासारखं लखलखलं.

"साहेब, एक ओरखडा दाखवा," आपले अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले. "एक!"

"वा! अगदी असंच हवं होतं आम्हाला," शेजारचे अध्यक्ष म्हणाले. "आणि तुमच्या सूनबाईही पाठवा. पगार देऊ, खोली देऊ. आमच्याकडे माणसाचीही कदर आहे."

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग कमरेचा जुडगा काढला, गोदामाची सगळ्यांत मोठी किल्ली निवडली आणि यंत्राच्या ऐन दर्शनी भागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्रकन ओढली.



"वहिनी! अहो, हे काय केलंत?" आपले अध्यक्ष ओरडले.

"जुनं केलं," सासूबाई म्हणाल्या. "आता चालवा."

शेजारच्या अध्यक्षांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, ते बोट वास घेतल्यासारखं नाकाशी नेलं आणि मोजपट्टी गुंडाळली. "आम्हाला नवं सांगितलं होतं," ते साहेबांना म्हणाले. "वापरलेली वस्तू आमच्या गावात चालत नाही."

साहेब काही बोलायच्या आत सूनबाईंनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं. पुढचं कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. ज्या वस्तूचं व्हायचं ते वाटोळं झालेलंच आहे, तिला आता जपायचं कशाला? लोक धावले. टोपल्यांतून, बादल्यांतून, उशीच्या खोळीतून सफरचंदं येऊ लागली. कुणीतरी दवाखान्यातून स्ट्रेचर उचललं आणि त्यावर फळांचा डोंगर लादून आणला. त्या स्ट्रेचरवर चढलेले ते पहिले रोगी. अध्यक्ष बाह्या सारून फळं ओतत होते आणि "हळू रे, हळू," असं सवयीनं ओरडत स्वतःच यंत्राला घमेलं आपटत होते.

"आई, तुम्ही..." सूनबाईंनी बाहीनं डोळे पुसले.

"रडू नकोस, बाटल्या बघ," सासूबाई म्हणाल्या. "भरून वाहतायत."

ट्रक यंत्र न्यायला आला होता, तो बाटल्या घेऊन परतला. मास्तरांनी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. पुढच्या हंगामात शहरातली दुकानं आगाऊ मागणी नोंदवू लागली, बागांना कुंपणं आली, शहरात गेलेली दोन घरं कुलूप उघडून परत राहायला आली, आणि साहेबांना या यशाबद्दल बढती मिळाली. यंत्राला आता इतके पोचे आहेत, की पहिला ओरखडा कुठला ते सासूबाईंनाही सापडत नाही.

गावात तो रस कुणी पीत नाही; नव्याकोऱ्या बाटलीचं सील तोडायचा कुणाला धीर होत नाही. सगळे चहा पितात.