क्लचवरचा पाय

“वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. हळू नाही, एकदम.”

जावयाने क्लच सोडला. खरं तर इंजिनाने आचका देऊन बंद पडायला हवं होतं. ते निवांत घुरघुरत राहिलं.

मेकॅनिकने फडकं खांद्यावर टाकलं.

“काय म्हणत होतात? गिअरबॉक्स गेलाय?”

“आवाज तिथूनच येतो, दादा.”

“पेडल दाबलं की येतो, सोडलं की जातो. मग तो गिअरबॉक्सचा कसा? बेअरिंग ओरडतंय आणि क्लच घसरतोय. इंजिन फिरतंय, चाकांपर्यंत काही पोचत नाहीये. तुमच्या कारभारासारखं.”

 त्या छोट्या ट्रॅक्टरवर जावई गुडघे पार स्टिअरिंगला टेकवून बसला होता.

“आणि बसलात तरी कसे, खुराड्यातल्या कोंबड्यासारखे. वेलींच्या मांडवाखाली हा खांब मावतो कसा, देव जाणे.”

खांब हे त्याने या जावयाला, धाकट्या बहिणीच्या म्हणजे चिमीच्या नवऱ्याला, लग्नातच ठेवलेलं नाव. तेव्हा ते मनात होतं, आता तोंडावर आलं होतं. ट्रॅक्टर मुळात मेकॅनिकचाच. भंगारातून आणून, नटबोल्टासकट नवा करून त्याने तो बहिणीच्या बागेसाठी दिला होता. अट एकच घातली होती: चिमीने सीटवर बसायचं नाही.

चिमी दाराशी पडलेल्या जुन्या टायरवर बसली होती. तिचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते.

“हिला मी शिकवून बघितलं होतं,” मेकॅनिक तिच्यासमोरच जावयाला म्हणाला. “दर वेळी बंद पाडायची. ओरडून ओरडून माझा घसा बसला. पण निदान हिला येत नाही हे हिला माहीत तरी आहे. तुमचं तसंही नाही. आता उघडून बघतो. क्लच पायाने जाळलेला निघाला, तर ट्रॅक्टर इथेच राहील. बाग कुदळीने खणा.”

चिमीने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली उतरून जॅक आणायला गेला.

क्लच बघायचा तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. बोल्ट निघाले, मागचा भाग हळूहळू सरकवला आणि काळी धूळ दोघांच्या अंगावर आली. मेकॅनिकने क्लचप्लेट बाहेर काढून उजेडात धरली. अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते. बेअरिंगची कड तापून निळी झाली होती.

“बघा. चालवताना पाय पेडलवर टेकवून बसायची सवय. अडाणी माणूससुद्धा असं करत नाही.”

“माझीच चूक, दादा.”

हे उत्तर जरा लवकरच आलं. चिमी टायरवरून अर्धवट उठली. जावयाने तिच्याकडे न बघता तळहात खाली दाबल्यासारखा केला. ती पुन्हा बसली.

जुना ट्रॅक्टर उघडा ठेवणं मेकॅनिकच्या स्वभावात नव्हतं. तो इथे राहणार तरी धडधाकट राहील, असं म्हणत त्याने नवी प्लेट आणि नवं बेअरिंग बसवलं, दोन्ही भाग जुळवले, पेडलची मोकळी चाल बोटाने तपासली आणि स्वतः सीटवर चढला.

त्याचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला.

त्याने सीटखाली हात घातला. सीटची पिन सगळ्यात पुढच्या भोकात होती, गंजून घट्ट बसलेली. कित्येक दिवसांत ती कोणी काढली नव्हती. मग त्याने पेडल नीट बघितलं. वरचं रबर कोरं होतं, फक्त खालची कड झिजली होती. तिथे नुसता चवडाच पोचत असावा. त्याने जावयाचे होडीएवढे बूट पाहिले, आणि मग टायरपुढे जेमतेम टेकलेल्या लहानशा चपला.



“मांडवाच्या तारा माझ्या डोक्याला लागतात,” जावई म्हणाला. “ती खालून आरामात जाते. ओळी सरळ ठेवते, माझ्यापेक्षा सरळ.”

“तूच सांगितलं होतंस, दादा,” चिमी म्हणाली. “पाय क्लचवरून उचललास तर खाली उतर म्हणून. मी नाही उचलला.”

मेकॅनिकने हातोडी घेतली, पिन ठोकून काढली, सीट मागे घेतली. वरचा गिअर, ब्रेक, क्लच. इंजिन आचका देऊन जागच्या जागी बंद पडलं. तो खाली उतरला. सीट त्याने पुन्हा पुढच्या भोकात आणली, पिनेला तेल लावून बसवली.

“जावईबापू, ध्यानात ठेवा. गिअर पडला की पाय खाली, फळीवर. आणि याच्या उलट ज्याने शिकवलं, तो गाढव होता.”

“सांगतो.”

“कोणाला?”

जावयाने आपल्या बुटाकडे पाहिलं. “माझ्या पायाला.”

चिमी सीटवर चढली. गिअर टाकला, आणि पाय एकदम उचलून फळीवर आपटला. ट्रॅक्टरने बेडकासारखी उडी मारली आणि दारात बंद पडला.

मेकॅनिकचं तोंड उघडलं. जावई त्याच्याकडेच बघत होता. मेकॅनिकने तोंड मिटलं, आणि आधीच स्वच्छ असलेला पाना फडक्याने पुसायला घेतला. दारात इंजिन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मान वर न करता त्याने फक्त कान दिला.