केबिनचं दार

रामहरीचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नाही चुकलं म्हणावं तर राजेश्रीचं काय झालं ते डोळ्यांपुढून हलत नाही.

गंगाखेडच्या एका दाळमिलवर तो मॅनेजर म्हणून लागला तेव्हा तिथं नुसता शिव्यांचा कारभार होता. आधीचा मॅनेजर ओट्यावर उभा राहून दाळ निवडणाऱ्या चाळीस बायांना तोंडाला येईल ते बोलायचा. रामहरीनं ते बंद केलं. बायांच्या आधी तो हजर, प्रत्येकीला नावानं हाक, कुणी बोलत असलं तर मधेच तोडायचं नाही, शब्द दिला की पाळायचा. परभणीला एक दिवसाच्या ट्रेनिंगला जाऊन आला होता. तिथलं एक वाक्य त्याच्या मनात पक्कं बसलं होतं: शाबासकी चारचौघांत द्या, चूक एकट्याला बोलावून सांगा. आता ते ट्रेनिंगवाले कुठल्या शहरातले, त्यांना राणीसावरगावची जीप काय ठाऊक!

त्या जीपनं राजेश्री यायची. दरसाल दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं आणि पोरीची शाळा बुडवायची, हे तिच्या नशिबी आलेलं. यंदा मात्र तिनं बजरंगला ठणकावून सांगितलं होतं, मी येत न्हाई. मिलचं काम टिकलं तर पोरीची, सृष्टीची, सातवी गावातच पुरी होणार होती. बजरंगही कसाबसा तयार झाला होता.

एक दिवस तिच्या दोन पोत्यांत खडे निघाले. एवढी कामाची बाई, तिचा सगळ्यांत पाणउतारा कशाला, असं म्हणून रामहरीनं तिला केबिनमध्ये बोलावलं. मशीनचा धडधडाट होता, शिवाय बोलणं बाहेर जाऊ नये, म्हणून त्यानं दार लावून घेतलं. झालं! तिथंच सगळं संपलं, आणि या शहाण्याला पत्ताच नाही.

दहा मिनिटं तो हळू आवाजात समजावत होता. राजेश्रीला सवय शिव्यांची. मायेनं कुणी चूक दाखवली तर काय करायचं, तिला कुठं माहीत? तिला रडूच फुटलं. डोळे पुसत, पदर सावरत ती बाहेर आली तेव्हा चाळीस जणींचे हात थांबले होते.

"काय म्हणलं गं सायब?" धुरपदाबाईनं विचारलं. ती सगळ्यांत वडीलधारी.

"काई न्हाई," राजेश्री म्हणाली. पोत्यात खडे निघाले हे सांगायची तिला लाज वाटली. अगं बाई, खड्यांचीच लाज वाटायची होती का तुला!

संध्याकाळी जीप राणीसावरगावला पोचली आणि बंद दाराची गोष्ट घरोघर झाली. दुसऱ्या दिवशी राजेश्री कामावर नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई म्हणाली, "तिच्या नवऱ्यानं दोघांचं नाव ऊसतोडीच्या टोळीत दिलंय. आज ट्रॅक्टर निघायलाय."

आपली चूक आपण स्वतः जाऊन निस्तरायची, हीसुद्धा रामहरीची सवयच. त्यानं फटफटी काढली.

बजरंग दारातल्या ट्रॉलीत भांडी चढवत होता.

"दादा, मी फक्त खड्यांचं बोललो. लेकराची शपथ."

"खड्याचंच बोलायचं व्हतं," बजरंग म्हणाला, "तर मग दार कामून लावलं?"

तिचा अपमान होऊ नये म्हणून, असं रामहरी सांगायला गेला. आजूबाजूच्या बाया बाहेर येऊन बघत होत्या. त्यांच्यापुढं ते वाक्य त्याला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. खरं असून खोटं! माणसानं जावं तरी कुठं?

राजेश्री घरातून बाहेर आली. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सायब, तीन दिस झाले, मी ह्यांच्या हातापाया पडायले. आज सकाळी कुठं म्हणले, बघू, तू ऱ्हा पोरीजवळ. आन तुमी घरी आलात. माझ्यासाठी. सगळ्या गल्लीनं बघितलं. आता कोण ऐकतंय माझं?"

बजरंगनं शेवटचं पातेलं ट्रॉलीत टाकलं.

"चल, बस," तो बायकोला म्हणाला.

सृष्टी आधीच वर चढून बसली होती.