उजव्या पायाचा मान

मी आर्गिरोच्या लग्नातला उजवा बूट. उजवा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण डावा माझा सख्खा भाऊ असला तरी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. ज्याचं त्याचं नशीब. लोक म्हणतात, पायातली वहाण पायातच बरी. म्हणोत बापडे. एक मोडायला निघालेला संसार माझ्यामुळे जागेवर आला, त्यामुळे माझ्यापुढे तरी ही म्हण कुणी काढू नये.

माझा जन्म लेस्वोस बेटावरचा. मितिलिनीच्या बंदरामागच्या गल्लीत पांतेलिस म्हाताऱ्याचं दुकान होतं. लग्नाचे बूट तो स्वतः शिवायचा. आर्गिरोनं कागदावर पाय ठेवला, त्यानं पेन्सिलीनं कड आखली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे तुझं."

"माहीत आहे, काका. शाळेपासून ऐकतेय. पुढून सगळं झाकून टाका. काही दिसता कामा नये."

बोट हे तर नुसतं निमित्त. आर्गिरो गावात बेकरी चालवायची, पहाटेपासून भट्टीपुढे उभी. टाचांना भेगा, तळव्यांना घट्टे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं. उन्हाळ्यात अख्खं गाव अनवाणी समुद्रात शिरायचं आणि ही बाई वाळूवर मोजे घालून बसायची. म्हणून पांतेलिसनं मला पुढून बंद शिवलं. मऊ बकरीचं कातडं, सायीसारखा रंग, आणि त्या लांब बोटाला आतून ऐसपैस जागा. झाकण्यासाठी जन्माला आलेला मी, पण झाकावं तर असं.

लग्नाच्या सकाळी मैत्रिणींनी मला उलटं केलं. आमच्याकडे पद्धत आहे, नवरीच्या बुटाच्या तळावर बिनलग्नाच्या मैत्रिणींची नावं लिहायची. रात्रभर नाचून ज्यांची नावं पुसली जातील, त्यांची लग्नं लवकर होणार. लेमोनिया सगळ्यांत उशिरा आली. जागा उरली नव्हती, म्हणून तिनं मधल्या खोलगट भागात नाव लिहिलं. तो भाग जमिनीला लागतो का कधी? पण सांगणार कोण?

मग चर्च. नवरा स्त्रातोस, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, हातापायांनी दणकट आणि स्वभावानं मुखदुर्बळ. पाद्रीबाबा वाचत वाचत त्या वाक्याशी आले, 'बायकोनं नवऱ्याचा धाक बाळगावा.' हे वाक्य आलं की नवरीनं नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा, ही आमची जुनी रीत. सगळे माना उंच करून बघत होते. कुणी नवरी नुसता टेकवते. आर्गिरोनं मात्र मला असं दाबलं की चर्चभर हशा पिकला. आणि तो मान मला मिळाला, डाव्याला नाही.

स्त्रातोस कळवळायच्या ऐवजी लाजला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. लोक म्हणाले, "गेला बिचारा, आजपासून बायकोचा गुलाम." मला मात्र तेव्हाच कळलं की या माणसाला पायांची ओढ आहे. कुणाला डोळे आवडतात, कुणाला लांब केस. याला पाय. पायांनीच त्याचं मन हलतं, रक्त तापतं. यात नवल ते काय? आम्हा बुटांच्या जातीला तर ही गोष्ट अगदी सरळ वाटते.

पण बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती, त्याला कारण होतं. लग्नाच्या बऱ्याच आधी त्यानं एका मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं होतं. ती हसली, वर चारचौघांत सांगून आली. त्याच्या मूळ गावी कॉफीच्या दुकानात त्याचं नाव पडलं 'पायमोजा'. "आला बघा पायमोजा," की सगळे टेबलाखाली पाय लपवायचे. तेव्हापासून त्यानं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. आणि घरी आर्गिरो मोजे काढायची नाही. तिला वाटायचं आपले पाय बघून याला किळस येईल. तो वळून बघायचा नाही. त्याला वाटायचं आपली नजर बघून हिला किळस येईल. काय म्हणावं या दोघांना?

लग्नानंतर मी आणि डावा कपाटावर खोक्यात होतो. एक दिवस स्त्रातोसनं मला उचललं, पिवळ्या फडक्यात गुंडाळलं आणि बंदरावरच्या त्याच्या कारखान्यात हत्यारांच्या खणात ठेवलं. कधी दुपारी काम नसलं की बाहेर काढायचा, मांडीवर घ्यायचा, आर्गिरोच्या पायाचा साचा माझ्यात उमटला होता त्यावरून बोट फिरवायचा आणि पुन्हा ठेवायचा. त्या खणात पाने, पकडी, ग्रीसचे डबे. पण फडकं मात्र तो नेहमी धुतलेलं घ्यायचा.

वर्षं गेली. सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली. शेवटी चाळिशीला टेकल्यावर लेमोनियाचंही जमलं. ती बेकरीत येऊन म्हणाली, "तुझा बूट दाखव गं. माझं नाव पुसायला इतकी वर्षं का लागली, ते बघू दे." आर्गिरोनं तिला घरी नेऊन हसत कपाटावरचं खोकं काढलं. आत एकटा डावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्त्रातोसचं जेवण घेऊन कारखान्यात आली. खारवलेले तारली मासे, ब्रेड, टोमॅटो, वाइनची बाटली. तो बाहेर धक्क्यावर होता. बाटली उघडायला काही मिळतंय का म्हणून तिनं खण ओढला. फडकं उलगडलं. मी उलटाच होतो, आणि माझ्या तळावर एकच नाव वाचता येत होतं. लेमोनिया.

स्त्रातोस हात पुसत आत आला.

"हे काय आहे?" आर्गिरोनं विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली.

त्याचा चेहरा पडला.

"लेमोनियाचं नाव जपून ठेवलंस. तिचं लग्न ठरलं त्या दिवसापासून तू जेवत नाहीयेस, ते मी पाहिलंय. मी आज बहिणीकडे जाते. खुलासा नको."

ती दारापर्यंत गेली. तो घुम्यासारखा उभाच. मला वाटलं, अरे माणसा, तोंड उघड. मला तोंड आहे पण जीभ नाही, तुला तर दोन्ही आहेत. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहून बाहेरख्याली ठरायचं, नाहीतर खरं बोलून पुन्हा पायमोजा व्हायचं.

"नाव नाही," तो म्हणाला. "मी तळ कधी बघितलाच नाही. मी आतून बघतो."

"आतून?"

"तुझा पाय उमटलाय त्यात." तो बाकावर बसला. "मला पाय आवडतात, आर्गिरो. म्हणजे नुसते बरे वाटतात असं नाही. पुरुषाला बाई आवडते तसे. पहिल्यापासून. तुझे तर फार. आणि जेवत नाहीये, कारण दाढ दुखतेय."

ती दारातून वळली. मग परत आत आली, पण बसली नाही.

"हा आजार आहे का?"

"मितिलिनीच्या डॉक्टरला विचारलं होतं. ते म्हणाले, दोघं राजी असतील, कुणावर बळजबरी नसेल, तर यात आजार काही नाही. असे पुष्कळ लोक असतात. फक्त बायकोशी बोला."

"म्हणजे डॉक्टरला सांगितलंस. मला नाही."

"तू हसशील म्हणून."

"तू मला एवढंच ओळखलंस होय?" आता तिला रडू आलं. "मी रोज रात्री चादरीखाली पाय लपवून झोपते, स्त्रातोस. तू कधी हात लावला नाहीस. मला वाटलं तुला ते घाणेरडे वाटतात."

"घाणेरडे? दिवसभर उभं राहून तू गाव जेवू घालतेस ते पाय?"

"गोड बोलू नकोस. एक सांग. मी कोण मग? या पायांना वर चिकटवलेली बाई?"

याचं उत्तर देणं सोपं नव्हतं, आणि तो खोटं बोलला नाही याचा मला आजही अभिमान आहे. म्हणाला, "आवड तुझ्या आधीपासून आहे. ती खोटी कशाला सांगू? पण बूट मी जन्मात एकच जपला, तो तुझा. तुला नको असेल तर पुन्हा नाव काढणार नाही."

आर्गिरोनं मला बाकावर ठेवलं आणि स्टूल ओढून बसली. "मला हे नवं आहे. मी लगेच हो म्हणणार नाही. आणि गुदगुल्या झाल्या तर लाथ बसेल." मग तिनं कामाचा बूट काढला. मोजा काढायला तिला वेळ लागला. ग्रीसच्या डब्यांमध्ये, भर दुपारी, तिनं तो भेगाळलेला, पिठानं पांढरा पाय त्याच्या मांडीवर ठेवला. "बघ. आता काय म्हणतोस?"

त्यानं स्वच्छ फडकं घेतलं, तेच पिवळं, आणि पीठ पुसायला लागला. तारल्या तशाच राहिल्या.

आता तो विचारतो. "आज पाय घेऊ का मांडीवर?" कधी ती हो म्हणते, कधी म्हणते, "आज नको, जीव गेलाय माझा." नको ऐकूनही तो हसत बटाटे सोलायला बसतो. ही गोष्ट त्यांनी गावात सांगितली नाही, सांगायची गरजही नाही. जिला सांगायची होती तिला सांगून झाली.

लेमोनियाच्या लग्नाला आर्गिरोनं नवे सँडल घेतले, पुढून उघडे. ते लांब बोट बाहेर काढून ती रात्रभर नाचली. "हे काय, मोजे कुठे गेले तुझे?" असं लेमोनियानं विचारलं तेव्हा ती नुसती स्त्रातोसकडे बघून हसली, आणि तो पुन्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मी आता त्यांच्या झोपायच्या खोलीत फळीवर उभा आहे, उघड्यावर, डाव्याच्या शेजारी. चामड्याला सुरकुत्या पडल्यात, तळावरचं लेमोनियाचं नाव अजून जसंच्या तसं आहे. तुमच्याही एखाद्या खणात असं काही गुंडाळलेलं असेल, तर आपल्या माणसापुढे तुम्हीच ते उलगडा, दुसऱ्यानं उलटं करून वाचायच्या आत. माझं काम तर संपलं. मला ज्या पायाला झाकायला शिवलं होतं, तो आता रोज रात्री चादरीच्या बाहेर असतो.