तारण बघायला कोण जाणार

सिद्धाप्पानं टेबलावर ठेवलेला चामड्याचा ठोकळा गंगाधरपंतांनी फूटपट्टीच्या टोकानं कडेला ढकलला आणि नाकाला रुमाल लावला.

ठोकळा म्हणजे पिकर, गिरणीच्या मागावर धोट्याला ठोसा देणारा. आजवर तो विलायतेहून यायचा. सिद्धाप्पानं म्हशीच्या कातड्याचा तसाच बनवला, तो मागावर टिकला, आणि गिरणीच्या मास्तरनं दिवाळीपासूनची ऑर्डर त्याला कबूल केली. आता हवी होती एक शेड आणि एक दाबयंत्र. बापजाद्यांची हयात दुसऱ्यांसाठी कातडी कमावण्यात गेली. आपल्या कारखान्यावर आपल्या नावाची पाटी लागावी, एवढीच त्याची आस होती.

"माल चांगला आहे रे," बँकेचे मॅनेजर पंत रुमालाआडून बोलले. "पण तारण ठेवायची कातडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कर्ज देता येत नाही. नियम आहे."

"मंग या की बघायला, सायेब. लई लांब न्हाय."

"ढोर गल्लीत? मी? शी! आमच्या घरी सोवळंओवळं असतं."

"मंग कातडी हितं आणतो."

"खुळा की काय तू!"

म्हणजे पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, आणि पाहायला जायचंही नाही. वा रे नियम! पावसाळाभर सिद्धाप्पा बँकेच्या दाराबाहेर उकिडवा बसून, आत बोलावलं की हेच ऐकत होता. नवी पेठेतले शेठ मात्र आत खुर्चीवर बसून चहा घ्यायचे, सही करायचे आणि पैसे घेऊन जायचे. किळस यावी असला कारभार.

तेवढ्यात पंतांचे मेहुणे वेणीमाधव आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"या, या! कालच मंजूर झालं तुमचं कर्ज," पंतांनी रुमाल खिशात घातला.

सिद्धाप्पाला पाहून वेणीमाधवांचा चेहरा खुलला. "अरे, बरा भेटलास! मी पिकरचा कारखाना काढतोय. गिरणीच्या मास्तरांशी बोलणं झालंय. तू ये कामाला. पगाराचं बघू आपण."

सिद्धाप्पा पंतांकडे वळला.

"ह्यांचं तारण कुटं जाऊन बघितलं, सायेब?"

"त्यांचं काय बघायचंय? घरचेच आहेत."

"आन् पिकर कोण करनार?"

"तूच की!" वेणीमाधव हसले. "अर्जात तसं लिहूनच दिलंय मी."

सिद्धाप्पानं पुढं होऊन ठोकळा उचलला आणि बंडीच्या खिशात टाकला. मग खांद्यावरच्या पंच्याचं टोक ओढून घेतलं आणि नाकावर घट्ट धरलं.

"अरे, काय झालं? वास कसला येतोय?" वेणीमाधवांनी विचारलं.

सिद्धाप्पा दाराबाहेर पडला. पायऱ्या उतरून तो भर रस्त्याला लागला, तरी पंचा नाकावरच होता.